पर्वती कोण चढले?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे शाळेचे पत्र आले तेव्हा गॅदरिंगवर, सहलींवर, खो-खोच्या संघावर लिहायचे मनात होते. परंतु लिहायला बसल्यावर डोळ्यांपुढून हलेना तो नववी ‘ब’चा वर्ग आणि आमच्या इंग्रजीच्या बाई.

आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेली मुले. इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत तयार व्हायचे. पर्वतीच्या सहलीवरील निबंधात मी लिहिले होते, ‘क्लाइंबिंग पर्वती, द होल सिटी कुड बी सीन.’ बाईंनी ‘क्लाइंबिंग’खाली लाल रेघ ओढली, तिथून ‘सिटी’पर्यंत बाण काढला आणि शांतपणे विचारले, “पर्वती कोण चढले गं? शहर?” मला चूक कळेना, कारण ‘पर्वती चढताना सारे शहर दिसत होते’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. बाईंनी नेमके तेच उलगडून सांगितले: मराठीत ‘चढताना’ या धातुसाधिताचा कर्ता सांगितला नाही तरी ऐकणारा तो संदर्भाने ओळखतो, इंग्रजीत मात्र वाक्यारंभीचे असे धातुसाधित मुख्य वाक्याच्या कर्त्याला जाऊन चिकटते. मग संस्कृत घेतलेल्या आम्हा मुलींसाठी त्यांनी फळ्यावर ‘समानकर्तृकयोः पूर्वकाले’ हे पाणिनीचे सूत्र लिहिले. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तेव्हाच ‘गत्वा’, ‘कृत्वा’ ही रूपे वापरायची, हे आम्हाला पाठ होते. त्याच नजरेने इंग्रजीकडे पाहता येते, हे बाईंमुळे कळले. ‘क्लाइंबिंग पर्वती, वुई सॉ द होल सिटी’ असे मी स्वतः दुरुस्त करीपर्यंत त्या माझ्या बाकाशी उभ्या होत्या.

‘डिस्पाइट’ आणि ‘इन स्पाइट ऑफ’ यांच्यापुढे नाम किंवा आयएनजी लागलेले रूप, ‘ऑलदो’पुढे कर्ता-क्रियापदासह वाक्य, आणि ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ कधीही नाही, हेही त्यांचेच. ‘पाऊस असूनही’ म्हणजे ‘डिस्पाइट द रेन’. ‘जरी पाऊस पडत होता तरी’ म्हणजे ‘ऑलदो इट वॉज रेनिंग’, पण आपल्या ‘तरी’साठी पुढे ‘बट’ घालायचा नाही.

आज मी मराठी दस्तऐवजांची इंग्रजी भाषांतरे करते. संविधानाचा 368 वा अनुच्छेद ‘नॉटविथस्टँडिंग एनिथिंग इन धिस कॉन्स्टिट्यूशन’ या शब्दांनी सुरू होतो. हा भारदस्त शब्द प्रथम वाचला तेव्हा ‘डिस्पाइट’चाच भाऊबंद म्हणून मी तो लगेच ओळखला. भाचीच्या वहीत हल्ली याच धड्याखाली चार पर्याय आणि एक खूण एवढेच दिसते, आणि मला फार वाईट वाटते. कारण तो बाण काढायला त्या वहीत जागाच नसते.

गेल्या वर्षी एका वृद्ध गृहस्थांचे मृत्युपत्र माझ्याकडे आले. त्यात होते, ‘आजारी असूनही मुलांनी विचारपूस केली नाही.’ आधीच्या भाषांतरात ‘डिस्पाइट बीइंग इल, द चिल्ड्रन डिड नॉट इन्क्वायर’ असे झाले होते. म्हणजे इंग्रजीत आजारी पडली होती ती मुले. मी ‘बीइंग’पासून ‘चिल्ड्रन’पर्यंत पेन्सिलीने बाण काढला, मग तो खोडून ‘डिस्पाइट माय इलनेस’ असे लिहिले आणि कागद पुढे पाठवला.