फुलोऱ्यातला पाऊस

द्राक्षबागेत पाऊस किती झाला हे आमच्याकडं कुणी आधी विचारत नाही. छाटणीपासून कितव्या दिवशी झाला, हे विचारतात. पस्तीस-चाळीस दिवसांची बाग म्हणजे फुलोरा. फुलाची टोपी गळायच्या वेळी घडात पाणी बसलं की गळ आणि कूज बरोबरच चालू होते. मग औषध कितीही महागातलं आणा.

तासगाव तालुक्यात मी बागांना सल्ला देतो. सावळजच्या बाजूला एका आण्णांची सोनाका जातीच्या द्राक्षाची बाग आहे. माणूस माळकरी, शिक्षण बेताचं, पण फवारणीची वही अशी की कृषी पदवीधरानं बघून लाजावं. जीएचं, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या संजीवकाचं द्रावण करताना पाण्याचा पीएच मोजणारे शेतकरी मला फार भेटत नाहीत, हे मोजतात. यंदा त्यांनी छाटणी मुद्दाम लवकर धरली होती. माल दर पडायच्या आत हलवायचा आणि त्या पैशांत उन्हाळ्यात पोरीचं लग्न करायचं, असा सगळा हिशोब.

नोव्हेंबरात ऐन फुलोऱ्यात रात्री पाऊस आला. बापलेकांनी डोक्याला बॅटरी बांधून ओळीनं तारा हलवल्या, घडातलं पाणी झाडलं. रान चिखल झालेलं, फवारणीचा ब्लोअर आत जाईना, म्हणून पहाटे मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची धुरळणी केली. पावडर नाकातोंडात गेलेली. एवढं झाल्यावर सकाळी परत सर आली, आणि दुपारपर्यंत थांबलीच नाही.

मी पोचलो तेव्हा एक घड तळहातावर नुसता टेकवला, तर टोप्यांसकट कळ्या हातात आल्या. दोन-चार ओळी फिरून बघितल्या. म्हटलं, "आण्णा, आता फळासाठी खर्च करू नका. पुढच्या हंगामासाठी पानं वाचवू, वेलीची काडी वाचवू."

आमच्या धंद्यात हे वाक्य फार कमी जण बोलतात. आणखी चार फवारण्या लिहून दिल्या की दुकानदार खूश, शेतकऱ्याला आठवडाभर आशा, आणि सल्लागाराचं नाव शाबूत.

आण्णा बांधावर बसले. मला वाटलं, आता रडतील. याहून कमी नुकसानीत कोलमडलेली माणसं मी बघितलीत. त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथूनच व्याह्यांना लावला. "पाव्हणं, बाग गेली. उन्हाळ्यात लगीन जमायचं न्हाई. तुमाला थांबायचं नसलं तर मोकळं सांगा, राग न्हाई." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून म्हणाले, "सायेब, पानासाठी काय मारायचं ते पोराला लिहून द्या. मला संध्याकाळी पंढरपूरला निघायचंय." कार्तिकी होती.

मुलगा भडकला. "सायेब, तुमी तरी सांगा ह्यांना. रात्रभर आमी मेलो, तवा कुठं होता ह्यांचा पांडुरंग?"

आण्णा शांतपणे म्हणाले, "तारा हलवायचं आपलं काम हुतं, ते केलं. पाऊस थांबवायचं आपलं न्हवतं."

हे पटलं असतं मला, पण शेजारची बाग बघा. तिथला मालक, "माळ घातलीय, देव बघंल" म्हणून पावसात घोंगडं पांघरून झोपलेला. त्याला छाटणीला मजुरांची टोळीच वेळेवर मिळाली नव्हती, म्हणून बाग मागं. फुलोरा यायचा होता. डाऊनी रोगाचे ठिपके पानावर आलेत, पण घड शाबूत. आता हा सांगणार, देवानं बघितलं. मी चिडून आण्णांना ते दाखवलं, तर म्हणतात, "त्याची तरी राहिली न्हवं? चांगलं झालं." असं मनापासून म्हणणारा माणूस मी त्या आठवड्यात दुसरा बघितला नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते थोडं खुपलंच.

विम्याचं विचाराल तर तो हवामानावर आधारित आहे. पाऊस तुमच्या बागेत किती पडला याला किंमत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रानं किती मोजला यावर पैसे ठरतात. केंद्र गावाबाहेर लांब, आणि आमच्याकडं पाऊस एका ओढ्याच्या अलीकडं पडतो, पलीकडं नाही. ही योजना आखणाऱ्यानं एकदा नोव्हेंबरात इथं येऊन राहावं. आण्णांनी अर्ज मात्र रीतसर भरलेला आहे. पांडुरंगावर सोपवलं म्हणून कागद चुकवला नाही.

व्याही थांबायला तयार झाले, लग्न पुढच्या वर्षावर गेलं. मुलगा बापाशी कामापुरतं बोलतो. पानं टिकलीत, काडी पिकतीय. परवा आण्णांचा फोन आला. पुढच्या फळछाटणीची तारीख आत्ताच सांगा म्हणाले, टोळीला विसार द्यायचाय, यंदा लवकर धरायची का मागं?

मी अजून तारीख दिलेली नाही.