कंपनी सगळा खर्च करते ना, मग थांबवलंत कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी आता आपणहून काढत नाही. दर चवथीला गणपतीच्या वरची फळांची माटोळी बांधायला घरचे जमले की कोणीतरी हमखास विचारतं, दुकानात गिऱ्हाईकंही विचारतात, की तुमचा पोरगा कार्ट, म्हणजे रेसची ती छोटी गाडी, चालवायचा ना, त्या कंपनीच्या रेसर निवडायच्या सिलेक्शनला पण गेलेला, कंपनी सगळा खर्च करते म्हणे, मग थांबवलंत कशाला? मी "अभ्यास हो" म्हणून मोकळा होतो. पण ते काही खरं उत्तर नाही.

माझं फोंड्यात स्पेअर पार्ट्सचं दुकान. (आमचं फोंडा गोव्यातलं, कोल्हापुरात सांगितलं की सगळ्यांना फोंडाघाट आठवतो.) ऑइलचे डबे विकणाऱ्या माणसाला पोरांना रेसिंगसाठी पैसे देणाऱ्या कंपन्यांचा हा धंदा कळायला वेळ लागत नाही. फ्रान्सच्या एल्फ या तेल कंपनीची जुनी स्पर्धा होती, रेसिंग स्कूलमधली पोरं एकमेकांशी लढायची आणि जिंकेल त्याचा पुढच्या वर्षीचा सीझन कंपनीच्या खर्चाने. १९७५ साली ती अलँ प्रोस्टने जिंकली, पुढे फॉर्म्युला वनचा, म्हणजे एफ वनचा, चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन. म्हणजे एल्फने तेल विकायला चेहरा शोधला आणि हिरा लागला. वाईट काय त्यात? काहीच नाही. फक्त आपण त्याला शिष्यवृत्ती समजतो आणि कंपनी जाहिरात समजते, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

एनर्जी ड्रिंकवाल्या रेड बुलचं तर सगळ्यांना माहीतच आहे. ज्युनियर टीम २००१ पासून, आणि २००५ च्या शेवटी मिनार्डी नावाची अख्खी छोटी टीम विकत घेऊन तिची टोरो रोस्सो केली, म्हणजे पोरांना एफ वनमध्ये बसवायला स्वतःचंच दुकान. वेटेल तिथूनच आला, २००८ ला इटलीतली मोन्झाची रेस जिंकला आणि पुढे रेड बुलकडून २०१० ते २०१३ सलग चार टायटल. व्हर्स्टापनला २०१४ मध्ये घेतलं आणि २०१५ ला सतराव्या वर्षी गाडीत बसवलं, दुसऱ्याच वर्षापासून एफआयएला, म्हणजे रेसिंगचे नियम करणाऱ्या जागतिक संघटनेला, अठरा वर्षांची अट घालावी लागली. ही नावं सगळे सांगतात. आल्गेर्सुआरीचं नाव कोणी घेत नाही, एकोणिसाव्या वर्षी २००९ ला एफ वनमध्ये, २०११ संपता संपता बाहेर, पुढे डीजे झाला. आणि क्व्यात, २०१६ ला चार रेस झाल्या आणि त्याला खालच्या टीममध्ये पाठवलं, त्याची सीट व्हर्स्टापनला दिली, आणि व्हर्स्टापन त्या सीटवरची पहिलीच रेस जिंकला. क्व्यातसुद्धा त्याच कंपनीचं पोर होता हो.

आपल्याकडचं म्हणाल तर जेहान दारूवाला. फोर्स इंडिया या एफ वन टीमने २०११ मध्ये देशभर शोध घेतला होता, त्यात तो निवडला गेला, मग २०२० मध्ये रेड बुलच्या पोरांत गेला, त्याच वर्षी बहारीनमधल्या साखीरला फॉर्म्युला टूची, म्हणजे एफ वनच्या खालच्या पायरीची, रेस जिंकली, असं करणारा पहिला भारतीय. चार सीझन फॉर्म्युला टू, एफ वनची सीट नाही. मला इथे सांगायचंय ते वेगळंच, की तो त्या सिलेक्शनला गेला तेव्हा आधीच कार्टिंग करत होता. कंपनी येते ती तयार पोरापाशी येते. तोवरचा खर्च बापाचा.

आमचा खर्च मी वहीत लिहीत होतो, अजून आहे ती वही. सुरुवात गोव्यातच नुवेंला भाड्याच्या कार्टवर, तिथे वाटलं काय, तिकीट काढायचं आणि बसायचं. मग रेसची कार्ट घेतली आणि कळलं की कार्ट हा खर्चच नाही, खर्च टायरचा. नवा टायर काही लॅप चिकटतो, मग लॅपला जास्त वेळ लागायला लागतो, आणि शेजारच्या पोराकडे नवा सेट असला की आपलं पोर कितीही चांगलं चालवू दे, सरळ रस्त्यावर नाही तर वळणात मागे राहणारच. कोल्हापूरच्या ट्रॅकवर रेस झाली की टायरला चिकटलेलं रबर मी खरवडायचो, हाताला दोन दिवस वास. कार्टला सस्पेन्शन नसतं, सगळे धक्के सीटच्या कडेतून बरगड्यांत, घरी आल्यावर त्याची आई हळद लावायची आणि माझ्याकडे बघायची. बोलायची नाही, नुसती बघायची.

मग ते सिलेक्शन. कंपनीचं नाव घेत नाही. सगळ्यांना सारखी गाडी, पहिल्या दिवशी लॅप टाइम. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर ब्रेकची रेघ दाखवली, म्हणजे पॅडल कधी किती दाबलं त्याचा आलेख, ती बघून मी थक्क. जे पोर फास्ट होतं त्याची रेघ एकदम वर जाऊन हळूहळू उतरत होती, आमच्याची पायऱ्या पायऱ्यांची, म्हणजे तो पॅडल दाबत, सोडत, परत दाबत होता. इन्स्ट्रक्टर म्हणाला, एकदाच जोरात दाब आणि वळताना सोडत जा. दुपारी रेघ बरीचशी त्या पोरासारखी आली. तेव्हा कळलं की ही माणसं टाइम बघतातच, पण सकाळचं पोर संध्याकाळपर्यंत किती बदललं हे जास्त बघतात. हे मला मनापासून आवडलं, शाळेतसुद्धा असं कोणी बघत नाही.

तिसऱ्या दिवशी कॅमेरा. आम्ही तुलाच का निवडावं, इंग्रजीतून, तीस सेकंद. घरी आमची कोंकणी, शाळा मराठी. तेरा वर्षांचं पोर माझ्याकडे बघत राहिलं आणि म्हणालं, "आय ब्रेक लेट." म्हणजे मी ब्रेक उशिरा दाबतो. बस, तीन शब्द. कॅमेरावाला हसला, मी पण हसलो, आणि पोटात कुठेतरी कळलं.

शेवटच्या सहात होता, निवडला नाही गेला. पुढच्या वर्षी नक्की या म्हणाले, पण पुढच्या वर्षी ती स्कीमच झाली नाही, दोन ओळींची मेल आली, कंपनीचं लक्ष आता दुसरीकडे आहे म्हणून. पोरं तीच, वेग तोच, बजेट हललं. मला राग आला होता खूप. पण मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, उसगाव-तिस्क भागातले खनिज वाहणारे टिप्पर उभे राहिले, टिप्परचे पार्ट्स मागायला कोणी येईना, आणि एका संध्याकाळी मी पोराला तेच सांगितलं जे त्या मेलमध्ये होतं, फक्त कोंकणीत. तो म्हणाला "बरें." मग जेवलो.

तर हे कारण. कंपनीने अर्धं थांबवलं, अर्धं मी.

आपल्या गोव्यात तरी याचं नवल वाटायला नको खरं तर. फुटबॉल खाणवाल्यांच्या पैशावरच मोठा झाला, धेंपो क्लब पाच वेळा देशात पहिला आला, आणि २०१६ ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीग ही देशपातळीवरची स्पर्धा सोडली. तेव्हा आपण खेळाडूंना विचारलं का की तुम्ही थांबवलंत कशाला?

पोरगा आता फर्मागुडीला इंजिनियरिंग करतो, स्कूटर इतकी हळू चालवतो की त्याची आत्या चिडते. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन आलं, तिला कार्टिंगला घालायचंय म्हणे, कुठली कंपनी स्पॉन्सर करते ते सांगा. मी म्हटलं बाब, आधी दोन वर्षांच्या टायरचा हिशोब करा, मग कंपनीचं बोलू. त्याचं तोंड पडलं. पोरीने मात्र विचारलं, एक टायर किती लॅप चालतो? तिला मी आतून स्टूल आणून दिलं आणि वही काढली.