बाबेलला गेलेलं पत्र आणि आखातात गेलेली माणसं

भायखळा, माझगाव, गिरगावातल्या घरांतून दुबई, शारजा, दोहा, कुवेतला रोज सकाळी फोनवर बायबलची वचनं येतात. त्यांत यिर्मया 29:11 हमखास असतं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव सांगतो ते वचन. मागे उगवता सूर्य, खाली मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव. ज्याची नोकरी गेली आहे, पगार तीन महिने अडकला आहे किंवा व्हिसाचे उरलेले दिवस जो मोजतो आहे, तो या वचनाचा एकच अर्थ घेतो : आता लवकर सुटेल. महिना जातो, दोन जातात, काही सुटत नाही. तेव्हा तो वचनाला दोष देत नाही. आपलाच विश्वास कमी पडला असं धरून चालतो आणि लाजेने मुंबईला फोन करणं कमी करतो. इथल्या पाळकांना आणि प्रार्थनागटांना हे ओळखीचं आहे, म्हणून हे सगळं तिकडे मुंबईत वाचणाऱ्या आईवडिलांसाठी, बायकोसाठी, भावाबहिणींसाठी सविस्तर लिहावंसं वाटलं.

यिर्मयाचा 29वा अध्याय हे खरोखरचं पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतून राजघराण्याबरोबर कारागीर आणि लोहारही बाबेलला नेले. हातात कसब असलेली माणसंच त्याने आधी उचलली. त्यांना स्वखुशीने जायचं नव्हतं, आपली माणसं पोटासाठी जातात, हा फरक मोठा आहे. पण परक्या राजाच्या शहरात राबायचं आणि मन घरी ठेवायचं, ही अवस्था तीच. त्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेतून पत्र लिहिलं आणि ते यहूदाच्या राजाच्या दूतांच्या हाती बाबेलला गेलं. अकरावं वचन त्या पत्राच्या मध्यावर आहे. त्याच्या लगेच आधीच्या दहाव्या वचनात देव मुदत सांगतो : 70 वर्षं. पत्र ऐकणारा तिशीचा लोहार परतीच्या दिवशी शंभरीचा झाला असता. म्हणजे हिताचे संकल्प त्याच्याशी बोलले गेले, पण परतीची वाट त्याच्या नातवंडांसाठी होती. मग त्याच्या स्वतःसाठी काय होतं? ते पाचव्या ते सातव्या वचनांत आहे : घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा.

आता एक अध्याय मागे जा. 28व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. तोही परमेश्वराच्याच नावाने बोलतो, यिर्मयाच्या मानेवरचं जू मोडून दाखवतो. दोन वर्षं हा आकडा कुणालाही आवडेल. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या वारला आणि 70 वर्षांचा शब्द उभा राहिला. आपल्या प्रार्थनासभांमध्ये हनन्याचा आवाज आजही येतो. ‘ईस्टरच्या आत त्याचा व्हिसा होईल, प्रभूने मला दाखवलं आहे.’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. तरी तारीख टळली की त्याचा मार दूर बसलेल्या माणसाला बसतो. म्हणून घरच्यांनी एक नियम पाळावा. कुणी तारीख दिली तर ती आखातात पोचवू नये. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातलं 18:22 हीच कसोटी देतं : परमेश्वराच्या नावाने बोललेलं घडलं नाही, तर ते त्याचं नव्हतं. ते घडतं का हे आपण मुंबईत बसून बघावं, त्याच्या छातीवर ओझं ठेवू नये.

वचन कुणाला पाठवण्याआधी तीन गोष्टी बघायला पाच मिनिटं पुरतात : ते कुणाला बोललं गेलं, त्याला अट किंवा मुदत आहे का, आणि त्याच्या आधीची-नंतरची पाच वचनं काय म्हणतात. फिलिप्पै 4:13 घ्या. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो, हे वाक्य मुलाखतीला निघालेल्या माणसाला पाठवतात. पण प्रेषित पौल ते कैदेत असताना लिहितो, आणि अकराव्या-बाराव्या वचनांत म्हणतो की भरल्या पोटी राहायला आणि उपाशी राहायलाही तो शिकला आहे. ‘सर्व काही’मध्ये मुलाखतीत नापास होऊन उभं राहणंही येतं. दुसरं करिंथ 12 मध्ये तर पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे अभिवचन त्या नकारातूनच आलं आहे. आखातातल्या माणसाला हे सगळं सांगितलं तर वचन हलकं होत नाही, उलट अंगावर घेता येईल असं होतं.

घरं बांधा, मळे लावा, याचा इथे अर्थ काय? ‘चार दिवसांसाठी आलोय’ म्हणत लोक दहा-दहा वर्षं बेडस्पेसवर, म्हणजे भाड्याच्या एका खाटेवर, काढतात, मंडळीत नाव घालत नाहीत, एक मित्र जोडत नाहीत. अशा माणसाची नोकरी जाते तेव्हा त्याच्या मागे कुणीच नसतं. म्हणून पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात मंडळी शोधायला सांगा. यूएईत जानेवारी 2022 पासून सुटी शनिवार-रविवार झाली. कुवेत, कतार, बहारीन, ओमानमध्ये ती शुक्रवार-शनिवार आहे, त्यामुळे तिथे शुक्रवारच्या उपासनेला गर्दी असते. ‘रविवारी चर्चला का गेला नाहीस’ असं विचारण्याआधी हे लक्षात असू द्या. सौदीत इस्लामशिवाय इतर धर्मांच्या सार्वजनिक उपासनेला परवानगी नाही. तिथे असलेल्या माणसाच्या प्रार्थनेचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर कधीही टाकू नका. आणि नगराच्या शांतीसाठी प्रार्थना म्हणजे त्याच्या कंपनीसाठी, मालकासाठी, त्या देशासाठीसुद्धा नाव घेऊन प्रार्थना. त्या पत्रातलं सातवं वचन कारणही देतं : त्यांच्या शांतीत तुमची शांती.

विश्वास आणि कागदपत्रं यांची फारकत करणारी शिकवण ऐकली की फार वाईट वाटतं. यिर्मयाच्या 32व्या अध्यायात बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, यिर्मया पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे, आणि देव त्याला अनाथोथ गावचं शेत विकत घ्यायला सांगतो. तो 17 शेकेल रुपं (चांदी) तोलून देतो, आजच्या मापाने साधारण 195 ग्रॅम. साक्षीदार बोलावतो, खरेदीखताच्या दोन प्रती करतो, एक मोहोरबंद आणि एक उघडी, आणि आपला लेखनिक बारूख याला त्या मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. या देशात पुन्हा घरं-शेतं विकत घेतली जातील, हे अभिवचन त्या कागदावर टेकलेलं आहे.

तेच मडकं मुंबईच्या घरात हवं. एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी, इतकंच घेता येतं. लाख-दोन लाख मागणाऱ्याला ‘देव दार उघडतोय’ म्हणून पैसे देऊ नका. व्याजाने काढलेला तोच पैसा पुढे वाईट नोकरी सोडू देत नाही. करार, पासपोर्ट, व्हिसा यांची एक प्रत घरी आणि एक त्याच्या ईमेलवर असावी. यूएईत खासगी नोकरीतल्या माणसाला बेरोजगारी विमा सक्तीचा आहे. मूळ पगार 16,000 दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला 5 दिरहम हप्ता. सलग 12 महिने हप्ता भरलेला असेल आणि नोकरी राजीनाम्याने किंवा शिस्तभंगाने गेली नसेल, तर मूळ पगाराच्या 60 टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. अर्ज 30 दिवसांत करावा लागतो. लोक लाजेने दीड महिना गप्प राहतात आणि हा हक्क गमावतात. पगार बुडाला आणि स्थानिक तक्रारीने काम झालं नाही, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते.

शेत घेतल्यावर यिर्मया काय करतो, हेही वाचा. तो प्रार्थनेत देवाला विचारतो : नगर शत्रूच्या हाती जातंय आणि तू मला म्हणतोस शेत विकत घे? आज्ञा पाळून झाल्यावरचा हा प्रश्न आहे. असा प्रश्न विचारणाऱ्याला आपण अविश्वासू ठरवतो, शास्त्र ठरवत नाही.

फोनवर प्रार्थना करताना स्तोत्र 13 चा साचा घ्या. सहा वचनं. पहिल्या दोनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. घरचे बहुधा पाचव्या वचनापासून सुरू करतात. रडू येईल म्हणून पहिली दोन टाळतात. ती त्याला बोलू द्या, मधे ‘आमेन’ घालू नका. वेळ ठरवून घ्या. मुंबईत रात्रीचे साडेनऊ म्हणजे दुबई-मस्कतला आठ, कुवेत-दोहाला सात. यूएईत व्हॉट्सअॅपवरून कॉल सहसा लागत नाही, झूम किंवा बोटिम हे अॅप वापरा. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं पुरतात. रोजचा तासभर ठरवला तर तिसऱ्या आठवड्यात तुटतो आणि दोन्हीकडे अपराधी वाटतं.

आणि पहिलं राजे 19 आठवा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत झोपला, तेव्हा दूताने दोनदा उठवून त्याला भाकर आणि पाणी दिलं. कामाचं बोलणं चाळीस दिवसांनी, डोंगरावर झालं. तेव्हा उद्या सकाळी वचन पाठवण्याआधी, काल रात्री तो काय जेवला ते विचारा.