तुम्ही विचारलंत म्हणून: लिंकनचं ते पत्र खरं का?

शाळेच्या व्हरांड्यातली फ्रेम बघितली की कोणीतरी विचारतंच, सर, लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं हे पत्र खरंच त्याचं आहे का हो? नाही. त्याच्या समग्र लेखनात ते कुठेच नाहीये. फ्रेम राहू दे, मजकूर चांगलाच आहे, पण मला तर भाषासुद्धा त्याची वाटत नाही, ओळीने उपदेश करत सुटणारा माणूस नव्हता तो.

लिंकनची स्वतःची शाळा म्हणाल तर सगळी मिळून वर्षभरही नाही. पण काँग्रेसमधली, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतली, एक टर्म संपवून परत वकिलीला लागल्यावर, म्हणजे चाळिशीत, ह्या माणसाने युक्लिडची भूमितीची पहिली सहा पुस्तकं जवळजवळ पचवली. मी गणिताचा मास्तर, त्यामुळे मी इथेच अडकतो.

1854 च्या सुमाराची त्याची एक चिठ्ठी आहे, स्वतःपुरती लिहिलेली. समजा अ ने सिद्ध केलं की ब ला गुलाम करायचा त्याला हक्क आहे, तर तोच मुद्दा उचलून ब ने अ ला गुलाम का करू नये? तू गोरा आणि तो काळा म्हणून? मग सांभाळ बाबा, तुझ्याहून गोरा पहिला जो भेटेल त्याचा तू गुलाम. तुला अक्कल जास्त म्हणून? परत तेच. बस, एवढंच.

आता गेटिसबर्ग, 19 नोव्हेंबर 1863, यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीवरचं जेमतेम पावणेतीनशे शब्दांचं भाषण. सगळी माणसं समान, हे 1776 च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात स्वयंसिद्ध म्हणून आलंय, लिंकन तिथे ‘प्रपोझिशन’ म्हणतो. पक्ष, साध्य, सिद्धता आठवतंय ना? त्यातलं साध्य. सिद्धता अजून लिहायचीय, आणि समोर तर नुसत्या कबरी.

सगळंच पटतं असं नाही. 1861 मध्ये कोर्टापुढे उभं न करता लोकांना डांबलं, सरन्यायाधीश टॅनीने विरोधात मत दिलं, तर 4 जुलैला ह्याने काँग्रेसला उलट विचारलं की एक कायदा मोडू नये म्हणून बाकीचे सगळे धाब्यावर बसू द्यायचे का. बिनतोड वाटतं, पण ह्या पायरीवरून कोणीही कुठेही चढू शकतो हो.

आणि त्याच अ-ब वाल्याने 1858 मध्ये भर सभेत सांगितलं होतं की काळ्यांना मताचा हक्क द्यायच्या मी बाजूचा नाही. चिठ्ठी काढून वाचली असती तर स्वतःच अडकला असता! पुढे युद्धात काळे सैनिक त्याच्या बाजूने लढले, मेले. 11 एप्रिल 1865 ला व्हाइट हाउसच्या खिडकीतून बोलताना तो म्हणाला, निदान खूप हुशार काळ्यांना आणि सैनिक म्हणून लढलेल्यांना मत मिळावं असं मला वाटतं. खाली गर्दीत बूथ नावाचा एक नट उभा होता. तीन दिवसांनी त्याने लिंकनला गोळी घातली.