स्वस्त हत्यारात नेमके काय स्वस्त असते?

घरातल्या छोट्या कार्यशाळेसाठी एखादे कमी किमतीचे हत्यार हातात घेतले की, ते बनवणाऱ्याने पैसे नेमके कुठे वाचवले आहेत, हे मी आधी शोधतो. बहुतेक वेळा उत्तर दोनांपैकी एक असते. एकतर शेवटचा हात फिरवण्याची मजुरी वाचवलेली असते, म्हणजे तळ सपाट केलेला नसतो, कडा घासलेल्या नसतात आणि धार नावापुरतीच असते. किंवा मग पोलादात आणि त्याला पाणी देण्यात, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण करण्यात, हात आखडता घेतलेला असतो. पहिली उणीव मी वेळ आणि कष्ट खर्चून भरून काढू शकतो. दुसरीवर माझ्याकडे कोणताही इलाज नाही.

पटाशीच्या बाबतीत हा फरक मी हाताने अनुभवला आहे. लाकूडकामाच्या चांगल्या पटाशीची कठिणता रॉकवेल सी मापनावर साधारण ५८ ते ६२ असते. पाते त्याहून बरेच मऊ असेल तर कठीण लाकडात धार दुमडते, आणि ठिसूळ असेल तर धारेला खांडे पडतात. मी चार पटाश्यांचा एक स्वस्त संच घेतला, तेव्हा चारही पात्यांची पाठ मध्यभागी किंचित फुगलेली होती. सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, धारेजवळचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग आरशासारखा चमकेपर्यंत घासायला प्रत्येक पटाशीमागे जवळपास एक तास लागला. एवढे करूनही पहिलीच खोबण कोरताना दोन पटाश्यांची धार दुमडली. पाठीवरून नख हलकेच धारेच्या दिशेने सरकवले की वळलेली कड नखाला अडकत होती. तरीही मी त्यांना पुन्हा पुन्हा धार लावत राहिलो, आणि तीन-चार मिलिमीटर पोलाद झिजल्यावर त्यांतली एक पटाशी उत्तम टिकू लागली. कारखान्यात घाईने घासताना पात्याचे पातळ टोक तापते आणि तेवढ्याच भागाचे पाणी उतरते. त्यामागचे पोलाद शाबूत असते. दुसरीचे पोलाद मात्र कितीही मागे गेलो तरी मऊच निघाले. ती आता वाळलेला गोंद खरवडण्याच्या कामी येते.

रंध्याचेही असेच आहे. तळ घासून सपाट केला, पाते नीट लावले आणि त्यावरची पट्टी पात्याला फट न राहता बसवली, तर साध्या रंध्यातूनही पातळ, अखंड सालपटे निघतात. मात्र ज्याला अजून धार लावता येत नाही, त्याने स्वस्त रंधा घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. सालपट निघत नाही तेव्हा दोष हत्याराचा आहे की हाताचा, हे नवशिक्याला कळण्याचा मार्गच नसतो, आणि अशा वेळी माणूस स्वतःला दोष देऊन कामच सोडून देतो.

गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, घेताना किमतीवर भरवसा ठेवण्याची गरज नाही, कारण त्याची परीक्षा घेता येते. एका फळीची कड रंध्याने अगदी सरळ करावी, गुण्या त्या कडेला टेकवून चाकूच्या टोकाने रेघ मारावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर गुण्या काटकोनात आहे. त्या वर जाताना फाकत असतील, तर दिसते ते अंतर खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. म्हणजे २०० मिलिमीटर उंचीवर अर्धा मिलिमीटर फट दिसली, तर गुण्या पाव मिलिमीटरने चुकतो आहे. असा गुण्या मी परत करतो, कारण त्याची चूक त्याच्यापाशी थांबत नाही, ती पुढच्या प्रत्येक सांध्यात उतरते.

पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि ड्रिलची बिटे यांच्या बाबतीत मात्र मी आता तडजोड करत नाही. शंभर नगांचा चकचकीत संच पाहून मोह होतो. पण त्यातला मऊ पाना जोर लावताच तोंड फाकवतो आणि बोल्टचे कोपरे गोल करून टाकतो. माझ्या हातून असा एक गंजलेला बोल्ट खराब झाला, पाना निसटून बोटांची सालटी निघाली, आणि पुढे तो बोल्ट कापून काढायला अर्धा दिवस गेला. त्यापेक्षा नेहमी लागणारे पाच-सहाच पाने चांगले घ्यावेत. सॉकेट घेताना बारा कोनांऐवजी सहा कोनांचे घ्यावे, म्हणजे नटच्या सपाट बाजूंवर पकड बसते. बिटांच्या सोनेरी रंगालाही भुलू नये. टायटेनियम नायट्राइडचा खरा मुलामा पृष्ठभाग कठीण करतो, परंतु आतले पोलाद हलक्या दर्जाचे असेल तर धार जायची ती जातेच.

क्लॅम्प आणि हातोडी खुशाल स्वस्त घ्यावीत. क्लॅम्प तर कितीही असले तरी कमीच पडतात. स्क्रूचे आटे स्वच्छ आहेत ना आणि जोर दिल्यावर सरकता जबडा घसरत नाही ना, एवढे पाहिले की झाले.

विजेच्या साधनांत सर्वांत जास्त काळजी मी ग्राइंडरची घेतो. ८० मीटर प्रतिसेकंद एवढ्या कमाल वेगासाठी बनवलेली १२५ मिलिमीटरची चकती मिनिटाला सुमारे १२,२०० फेऱ्यांपर्यंतच सुरक्षित असते. यंत्राचा वेग चकतीवर छापलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर ती चकती लावूच नये. ग्राइंडर साधा चालेल. चकती, तिच्यावरचे संरक्षक कवच आणि डोळ्यांवरचा चष्मा यांत काटकसर करू नये.

बॅटरीवरच्या ड्रिलमध्ये '२० व्होल्ट' आणि '१८ व्होल्ट' हा फरक पाहून जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. दोन्हींत लिथियमचे पाच सेल एका ओळीत जोडलेले असतात, प्रत्येकी ३.६ धरले की १८ होतात, आणि पूर्ण भरलेल्या स्थितीतला आकडा छापला की २०. खरा खर्च बॅटरीचा असतो, आणि एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही. माझे कामाचे टेबल भिंतीवरच्या प्लगपासून दोन पावलांवर आहे. त्यामुळे मी वायरचेच ड्रिल घेतले, आणि वाचलेल्या पैशांत बिटांचा एक चांगला संच आणला.