आधी पाण्याला वाट, मग माणसाला

डोंगरातली पायवाट आपोआप टिकत नाही. दर पावसाळ्यात ती थोडी वाहून जाते, थोडी बुजते, थोडी पसरते. कुणीतरी कुदळ घेऊन गेलं तरच पुढच्या मोसमात ती वाट म्हणून उरते. अनेक ठिकाणी हे ‘कुणीतरी’ म्हणजे सुट्टीच्या दिवशी आलेले स्वयंसेवक असतात. अमेरिकेतली ॲपलेशियन ट्रेल घ्या. बेंटन मकाय यांनी १९२१ साली तिची कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती सलग पूर्ण झाली, आणि सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची ही वाट आजही मुख्यतः स्वयंसेवकच राखतात. हे वाचल्यापासून मनात होतं की एकदा तरी या कामाला जायचं. यंदा योग आला.

पायथ्याशी पोहोचले तेव्हा अवजारं गवतावर ओळीने मांडलेली होती. कुदळी, फावडी, पहारी, लांब दांड्याच्या कात्र्या, घडीच्या करवती. त्यातलं एक मी पहिल्यांदाच हातात घेतलं: एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला माती आणि मुळं खणायचं आडवं पातं. त्याचं नाव पुलास्की. १९१० साली अमेरिकेच्या वायव्य भागात भीषण वणवा पेटला होता, तेव्हा एड पुलास्की या वनरक्षकाने आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन बहुतेकांचे जीव वाचवले. अवजार त्याच्याच नावाने ओळखलं जातं. आगीपुढची जमीन मोकळी करायला ते जितकं उपयोगी, तितकंच वाटेतली मुळं तोडायलाही. हे कळल्यावर त्याचा दांडा जरा जास्तच आदराने धरला.

निघण्याआधी गटप्रमुख ताईंनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि घाई न करता नियम सांगितले. अवजार खांद्यावर टाकायचं नाही. तोल साधेल तिथे दांडा पकडायचा, पातं पुढे आणि जमिनीकडे, आणि ते दरीकडच्या हातात. पाय घसरलाच तर अवजार दरीकडे सोडून द्यायचं, स्वतः डोंगराच्या अंगाला टेकायचं. दोघांमध्ये निदान तीन मीटर अंतर. काम करणाऱ्याच्या शेजारून जायचं असेल तर आधी हाक द्यायची, आणि त्याने हात थांबवून, आपल्याकडे बघून ‘या’ म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. दिवसभरात हा ‘येऊ का?’ आणि ‘या’चा पुकारा इतका अंगवळणी पडला की परतीच्या वाटेवर रिकाम्या हातांनी चालतानाही माणसं एकमेकांना हाक देत होती.

माझ्या वाट्याला आलेलं पहिलं काम दिसायला अगदी साधं होतं: वाटेची बाहेरची कड काढणं. ते का करायचं हे समजलं, आणि तिथून पुढे सगळा दिवसच वेगळा झाला.

डोंगराच्या अंगात कोरलेल्या वाटेचा तळ सपाट नसतो. तो दरीकडे किंचित कललेला ठेवतात, साधारण पाच टक्के, म्हणजे मीटरभर रुंदीला पाच सेंटिमीटर. चालणाऱ्याला हा कल जाणवत नाही, पाण्याला मात्र तेवढा पुरतो. वरून आलेलं पाणी वाट आडवी ओलांडतं आणि पातळ पसरून खाली उतरतं. पण माणसं चालतात मधोमध. मधला भाग दबत जातो, खोल होतो. सरकलेली माती आणि पालापाचोळा बाहेरच्या कडेला साचतो. बघता बघता तिथे वीतभर उंचीचा बांध होतो. मग पाण्याला दरीकडे जायला जागाच उरत नाही. ते वाटेवरूनच धावायला लागतं, धावता धावता वेग घेतं, वेगाबरोबर माती उचलतं, आणि काही पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. दगड उघडे पडलेल्या, मुळं वर आलेल्या, घोट्याएवढी घळ पडलेल्या ज्या वाटांना आपण ‘अवघड’ म्हणतो, त्यातल्या कितीतरी मुळात अशा नव्हत्या. त्यांच्यावरून पाणी धावलेलं आहे, एवढंच.

तर तो बांध फोडायचा. कुदळीने कड मोकळी करायची, फावड्याने माती उचलायची आणि खाली लांबवर उधळून द्यायची. कडेलाच ढीग लावला तर महिन्याभरात नवा बांध तयार. वरचा काळा, मऊ, कुजलेल्या पानांचा थर हाताला फार सुखद लागतो, वासही सुंदर असतो, पण वाटेवर तो नको. तो पाणी धरून ठेवतो आणि चिखल करतो. तो खरवडत जायचं, खाली कठीण, दाणेदार माती लागली की थांबायचं. पात्याचा आवाज बदलतो. आधी दबका येतो, मग खर्र. तो आवाज ओळखू यायला लागला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

एक टप्पा पुरा झाल्यावर शेजारी काम करणाऱ्या काकांनी बाटलीतलं थोडं पाणी वाटेच्या आतल्या बाजूला ओतलं. आम्ही दोघंही वाकून बघत होतो. पाणी क्षणभर तिथेच थबकलं, धुळीची कड घेऊन फुगलं, एका खड्याला वळसा घातला आणि तिरकं होत बाहेरच्या कडेवरून खाली उतरलं. एक वाळकं पानही सोबत गेलं. ‘जमलं’, एवढंच म्हणून काका पुढच्या टप्प्याकडे वळले. माझ्या दृष्टीने तो दिवसातला सर्वांत मोठा क्षण होता.

झुडपं आणि फांद्या छाटायचं काम त्या मानाने पटकन उरकलं. एक गोष्ट सांगण्यासारखी: फांदी अर्ध्यात तोडून खुंट ठेवायचा नाही. ती खोडाला मिळते तिथे जो फुगीर भाग असतो, त्याच्या लगत बाहेरून छाटायची, म्हणजे झाडाची जखम भरते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यात खुंट जात नाही. तोडलेली फांदी नजरेआड ओढून न्यायची, तोडलेलं टोक वाटेकडे दिसू द्यायचं नाही.

मग आलं ते वळणांचं काम. वाट नागमोडी का असते, याचं उत्तर पुन्हा पाण्यातच आहे. वाटेची चढण डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त ठेवायची नाही, असा वाट आखणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. डोंगर तीस टक्के उताराचा असेल तर वाट पंधराच्या आत. त्यापेक्षा तीव्र झाली की पाणी वाट ओलांडायच्या ऐवजी वाटच धरतं, कारण त्याला नेहमी सर्वांत उभा उतार हवा असतो. म्हणून आडवं जायचं, वळायचं, पुन्हा आडवं जायचं. आणि दोन वळणांच्या मधून माणसं थेट खाली उतरतात. मिनिटभर वाचतं. आधी गवत जातं, मग माती सैल होते, मग पहिल्याच जोरदार सरीत पाणी तोच सरळ मार्ग पकडतं. आमच्यासमोर अशी एक चोरवाट होती, गुडघाभर खोल झालेली. तिने खालच्या वळणावर इतका गाळ आणून टाकला होता की खरी वाट तिथे दिसेनाशी झाली होती.

ती बुजवायला आमचा बराच वेळ गेला. घळीत ठरावीक अंतरावर आडवे दगड अर्धे पुरले, म्हणजे पाण्याचा वेग मोडेल आणि गाळ तिथेच बसेल. दाबली गेलेली माती उकरून सैल केली, बी रुजायला जागा हवी म्हणून. वर वाळक्या फांद्या पसरल्या, काही उभ्या रोवल्या. तोंडाशी मात्र सर्वांत जास्त मेहनत घेतली, कारण वरून येणाऱ्याला तिथे वाट दिसलीच नाही पाहिजे. पाटी लावून जे साधत नाही ते नीट रचलेल्या फांद्यांनी साधतं, असं ताईंचं म्हणणं होतं, आणि ते मला पटलं. माणूस मुद्दाम नियम मोडायला डोंगरात येत नाही. समोर वाट दिसली की तो चालतो.

दुपारनंतर दगडाची पायरी बसवायची होती, एकच. तिला चार माणसं लागली. दगड उचलायचा नाही, पहारीने हलवायचा. पहारीखाली टेकू, एक जण दाबणार, दगड बोटभर उठणार, दुसरा लगेच फटीत छोटा दगड सरकवणार; हात नव्हे, काठीने. दगडाच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, आणि सुटलाच तर अडवायला जायचं नाही, ओरडायचं आणि बाजूला व्हायचं. खड्डा दगडाच्या मापाने कोरला. दगडाचा बराचसा भाग जमिनीत गेला, वर राहिला तो फक्त पाऊल ठेवण्यापुरता. मग त्यावर उभं राहून चारी कोपऱ्यांवर भार देऊन पाहायचं. तो डुगडुगला. काढला, खालची माती सारखी केली, पुन्हा बसवला. पुन्हा थोडासा हलला. तिसऱ्या वेळी फटीत फोडलेल्या दगडाची खडी पहारीच्या टोकाने ठासली, आणि दगड गप्प बसला. इतका वेळ एका पायरीसाठी द्यावा का, असं कुणीच विचारलं नाही. डुगडुगणारा दगड पुढच्या मोसमात घरंगळणार आणि कुणाचा तरी पाय मुरगळणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

आम्ही माती झटकत असतानाच खालून एक कुटुंब आलं. सोबतची लहान मुलगी त्या पायरीवर पाय देऊन वर गेली, खाली बघितलंही नाही. तेच तर हवं होतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडं. अंगात फार ताकद असावी लागत नाही. आमच्या गटात सत्तरीचे आजोबा होते आणि कड काढण्यात त्यांचा हात सर्वांत सफाईदार होता. पूर्ण बाह्यांचे कपडे, जाड तळाचे बूट, हातमोजे आणि वाटतं त्याच्या दुप्पट पाणी घ्या. सकाळच्या उत्साहात कुदळ जोरात चालवू नका, वजन कुदळीचं तिलाच उतरू द्या. दुसऱ्या दिवशी खांदे नव्हे, तळहात आणि कंबर दुखते. आणि ज्यांना कामाला जायला जमणार नाही त्यांनीही दोन गोष्टी जरूर कराव्यात. वाटेवर चिखल असेल तर कडेच्या गवतावरून वळसा न घालता चिखलातूनच जा, कारण प्रत्येक वळशाने वाट हातभर रुंदावते आणि चिखल तेवढाच पसरतो. आणि पाणी बाहेर काढायला केलेल्या चरात पाचोळा तुंबलेला दिसला तर बुटाच्या टाचेने मोकळा करा. अर्धं मिनिट लागतं.

खालच्या वळणापर्यंतचं काम झालं, वरचा टप्पा राहिलाय. तिथे चर नव्याने खणायचे आहेत आणि आणखी दगड बसवायचे आहेत. त्यासाठी मी नाव दिलंय, आणि या वेळी पहार मागून घेतली आहे.