बाली भाषेची वही: नारळ, दात आणि झाडांना सांगितलेला निरोप

मंडळी, बाली भाषा शिकताना मी शब्दांची जी वही ठेवते, तिचा हा पुढचा टप्पा. झाडं, शरीर आणि पूजाविधी यांच्या तीन वेगळ्या याद्या या वेळी केल्या नाहीत. एखादं झाड किंवा एखादा विधी घ्यायचा आणि त्याला चिकटून येणारे शब्द गोळा करायचे, असं चाललंय. बालीत हे तीन विषय एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की याद्या वेगळ्या ठेवल्या तर शब्द लक्षात राहत नाहीत.

आधी उच्चाराचं, कारण वहीतलं सगळं लेखन त्यावर उभं आहे. शब्दाच्या शेवटी रोमन लिपीत जो 'आ' दिसतो तो बालीत 'अ' असा ऐकू येतो. देवळाला लिहितात पुरा, म्हणतात पुरऽ. आपल्याला हे अजिबात जड नाही. 'मंत्र', 'भक्त', 'तीर्थ' म्हणताना शेवटचा अ आपण पूर्ण उच्चारतोच. अशा शब्दांना मी अवग्रह लावते. मधला ए सुद्धा पुष्कळदा अ असतो, म्हणून देवाला अर्पण करायच्या साहित्याचा शब्द वहीत 'बांतन' असा आहे. रोमन लेखन पाहून कुणी 'बांतेन' म्हटलं, तर त्याकडे कान देऊ नका.

आता नारळ. झाड आणि तयार फळ दोन्ही न्युह, आदराच्या भाषेत क्लपऽ. पण खरी गंमत पानांत आहे. अजून न उलगडलेली, पिवळसर कोवळी झावळी म्हणजे बुसुंग. तीच उलगडून हिरवी झाली की स्लपान. वाळून गळाली की दान्युह. कोकणातल्या माणसाला हे भेद शिकवावे लागत नाहीत, त्याच्याकडे झावळी, झाप, चुडत आहेतच. बालीत मात्र कोणतं पान कोणत्या कामाला हेही शब्दाबरोबरच येतं. नाजूक अर्पणं बुसुंगची. फळातही तसंच: अगदी कोवळं ते क्लुंगाह किंवा बुंगकाक, पाणी प्यायचं शहाळं ते कूउद. पिवळ्या जातीच्या नारळाला, न्युह गादिंगला, विधीत वेगळाच मान. शुद्धीच्या पाण्यासाठी त्याचं बुंगकाक लागतं. इतक्या विधींना पुरेल एवढं बुसुंग बेटावर होत नाही, जावाहून ट्रक भरून येतं.

बुसुंगपासून रोजचं चानांग सारी कसं होतं ते मी हाताने करून बघितलं, कारण नुसतं वाचून यातला एकही शब्द टिकला नव्हता. इथे आपल्या झावळीच्या कोवळ्या पात्या वापरल्या. चौकोनी तळ, चेपर, आधी होतो. कडा टाचायला बांबूची बारीक काडी, तिला समत म्हणतात. आपण पत्रावळीला चोय टोचतो अगदी तशी. हल्ली बरेचजण स्टेपलर वापरतात. चेपरमध्ये पोरोसान जातं: विड्याचं पान, सुपारी आणि चुना यांची छोटी पुडी. पान म्हणजे बासे, सुपारी बुआह, चुना पामोर. पोरोसानशिवाय चानांग पूर्ण होत नाही, फुलं कितीही सुंदर असोत. वर फुलं दिशेनुसार: पूर्वेला पांढरं, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला काळ्याऐवजी निळं किंवा हिरवं. माथ्यावर बारीक चिरलेलं केवड्याच्या जातीचं सुगंधी पान. फुलांतला जपून म्हणजे आपला देवचाफा, गुमितिर म्हणजे झेंडू, चम्पकऽ हा सोनचाफा. कापणं, टाचणं, रचणं या सगळ्या पानकामाला एकच क्रियापद आहे, मजजाहितान. संध्याकाळी बायका ओसरीवर बसून हेच करत असतात.

शरीराच्या शब्दांत थर सांभाळावे लागतात. मराठीत तोंड, थोबाड आणि मुख कुठे वापरायचं हे आपल्याला कळतं; बालीत अशी निवड जवळजवळ प्रत्येक अवयवाला करावी लागते. हात लिमऽ, आदराने तांगान. पाय बातिस, आदराने चोकोर. पोट बासांग, आदराने वतंग. नाक चुंगुह, इरुंग. दात गिगी, उन्तू. डोक्यासाठी तन्दास हा शब्द जनावराला चालतो, माणसाला लावला तर ती शिवी. माणसाचं ते सिराह. 'माझं पोट दुखतंय' हे रोजचं वाक्य बासांग तियांगे साकित, आणि ते मित्राला सांगायचं. पुजाऱ्याशी बोलताना अख्खं वाक्य बदलतं.

चोकोरवर मी जरा रेंगाळले. राजघराण्यातल्या लोकांच्या नावाआधी चोकोर्दऽ ही उपाधी असते. ती 'चोकोर ई देवऽ'वरून आली, म्हणजे देवाचे पाय. 'चरणी साष्टांग नमस्कार' लिहिणाऱ्या भाषेच्या माणसाला यात काही परकं वाटायचं कारण नाही.

तिन्ही विषय एका जागी पाहायचे असतील तर दात कानसायचा संस्कार बघा. वयात आल्यावर, लग्नाच्या आधी हा होतो. साधा शब्द मतातह, आदराचा मपांदस. वरचे सहा दात, चार पुढचे आणि दोन सुळे, किंचित सपाट करतात. सहाच का, तर सद रिपू. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही आपली यादीच तिथे आहे. दात कानसणारा तो सांगिंग. तोंड उघडं राहावं म्हणून दातांत उसाचा किंवा दापदापच्या लाकडाचा तुकडा धरतात. थुंकी आणि कानसलेला चुरा घ्यायला न्युह गादिंगची करवंटी असते, ती नंतर घरच्या देवळामागे पुरतात. ऊस, दापदाप, पिवळा नारळ, दात, थुंकी, देऊळ: एका विधीतून माझ्या वहीची पानंच्या पानं भरली.

दापदाप हा आपल्या पांगाऱ्याच्या कुळातला. त्याला कायु साक्ती म्हणतात, शक्तीचं झाड. ताप आला की त्याच्या पानांचा लेप लावतात. लेपाला बोरेह, प्यायच्या काढ्याला लोलोह, आणि चावून अंगावर फुंकायच्या औषधाला सिंबुह. या औषधांचा मूळ ग्रंथ तरु प्रमाण, ताडपत्रांवर लिहिलेला. त्यात झाडं एकेक करून वैद्यापुढे येतात आणि स्वतःच आपले गुण सांगतात: मी उष्ण, मी थंड, मी मधला, माझं मूळ याला, साल त्याला. उष्ण म्हणजे पानस, थंड तिस, मधलं दुमलादऽ. पानाला शब्द 'दोन' (आपला आकडा नव्हे), मूळ आकाह, साल बाबाकान, चीक अंगकत. ही चौकट पाठ झाली की कुठल्याही झाडाची नोंद अडखळत का होईना वाचता येते. अशी ताडपत्रं बालीतल्या सिंगराजा शहरातल्या गदोंग कीर्त्य ग्रंथालयात १९२८ पासून जपली जात आहेत. औषधांत वारंवार येणारं एक त्रिकूट मला फार आवडलं: मसुई नावाची साल, कसुनऽ आणि जांगू. कसुनऽ म्हणजे लसूण. जांगू म्हणजे वेखंड, बाळाच्या डोक्यावर आपण उगाळून लावतो तेच.

शेवटी तुम्पक वारिगऽ, झाडांचा सण. २१० दिवसांच्या पावुकोन पंचांगात तो शनिवारी येतो, गलुंगान या मोठ्या सणाच्या बरोबर २५ दिवस आधी. वारिगऽ हा सातवा आठवडा, गलुंगान अकराव्यातला बुधवार. मोजून बघा, जुळतं. २०२५ मध्ये गलुंगान १९ नोव्हेंबरला होता, म्हणून झाडांचा सण २५ ऑक्टोबरला. त्या दिवशी खोडाला पेज लावतात, खोडावर टकटक करतात आणि झाडाला सांगतात. गावोगाव शब्द थोडे बदलतात, पण गाभा असा:

"काकी, काकी, बुइन सलाए लमंग गलुंगान, मबुआह आपांग ङद, ङद, ङद!"

काकी म्हणजे इथे आजोबा. इंडोनेशियनमध्ये याच उच्चाराचा शब्द पायासाठी आहे, तो इथे आणायचा नाही. बुइन म्हणजे आणखी, सलाए पंचवीस, लमंग रात्र. मबुआह मध्ये बुआह आहे, म्हणजे इथे वरची सुपारी नव्हे तर फळ, आणि आधी लावलेल्या 'म'ने 'फळणे' झालं. हाच 'म' मतातहमध्ये, हाच मपांदसमध्ये. आपांग म्हणजे 'म्हणून, व्हावं यासाठी'. ङद म्हणजे फांद्या लवतील असं लगडलेलं. आजोबा, अजून पंचवीस रात्रींनी गलुंगान, तेव्हा भरभरून फळा! सणासाठी फळं लागणार, तर झाडाला वेळेत कळवायला नको का? एवढ्या एका ओळीत नाती, आकडे, क्रियापद आणि हेतूवाक्य मिळतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्याच दिवशी ही ओळ पाठ करावी असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या टप्प्याला केळ आणि बांबू घेतेय, आणि बाळाच्या जन्मानंतर वार पुरण्याचा विधी. त्यात नारळ पुन्हा आहेच. तळकोकणातल्या मंडळींकडे एक मागणं: न उलगडलेल्या कोवळ्या पातीला तुमच्या गावात काय म्हणतात ते कळवा. बुसुंगसमोरची वहीतली जागा मी रिकामी ठेवली आहे.